आयर्लंड: फळीवरचे आठ दिवस

माझी भाची डब्लिनला गेली त्याला सहा वर्षं झाली. दर रविवारी फोनवर तिचं "मावशी, येतेस कधी?" आणि माझं "बघू गं". मागच्या मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झाले आणि 'बघू' म्हणायला सबब उरली नाही. ती मोहेरचे कडे, किल्ले, कुरणं अशी यादी करून बसली होती. मी म्हटलं, ते जाता-येता दिसेलच, मला नाच बघायचाय.

"हात बांधल्यासारखे ठेवून नाचतात तो?"

"तोच."

लहानपणी सात वर्षं कथक केलं. लग्नानंतर घुंगरू माळ्यावर गेले ते अजून तिथेच आहेत. पण कुठूनही पायांचा ठेका कानावर आला की माझी बोटं आपोआप मात्रा मोजायला लागतात, ती खोड काही गेली नाही. जुलैचा पहिला आठवडा मुद्दाम धरला, कारण तेव्हा क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मलबे नावाच्या एवढ्याशा गावात विली क्लॅन्सी समर स्कूल, म्हणजे संगीत-नाचाची उन्हाळी शाळा भरते. विली क्लॅन्सी म्हणजे तिथले इलन पाइपचे नामवंत वादक. कोपराखाली भाता दाबून वाजवायचं हे वाद्य. ते १९७३ साली गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावानं ही शाळा सुरू झाली.

व्हिशाचं एकदाच सांगून टाकते. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपच्या व्हिशावर तिथे जाता येत नाही. इंग्लंड जोडून करायचं असेल तर ब्रिटिश-आयरिश योजनेत एकाच व्हिशावर दोन्ही देश होतात. फक्त ज्या देशानं व्हिसा दिलाय तिथे आधी उतरायचं. बाकी विमान, बॅगा, इमिग्रेशन सगळं सुरळीत झालं, म्हणून सांगण्यासारखं काही नाही.

दिवस पहिला: डब्लिन

दुपारी झोप काढली आणि संध्याकाळी भाचीनं थेट गेटी थिएटरमध्ये नेलं. १८७१ सालचं लाल-सोनेरी नाट्यगृह, मखमलीच्या खुर्च्या, आणि उन्हाळाभर तिथे 'रिव्हरडान्स' चालू असतं. तिकिटं आधी काढलेली बरी. वरच्या सज्जातली स्वस्त असतात आणि पाय तिथूनच चांगले दिसतात.

या प्रयोगाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ३० एप्रिल १९९४ ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा होती. मतमोजणी होईपर्यंत प्रेक्षकांचा वेळ जावा म्हणून मधे सात मिनिटांचा नाच ठेवला होता. संगीत बिल व्हेलन यांचं, नाचायला जीन बटलर आणि मायकल फ्लॅटली, मागे मोठी रांग. त्या रात्री कोण जिंकलं ते लोक विसरले, सात मिनिटं लक्षात राहिली. पुढच्याच वर्षी त्याचा पूर्ण लांबीचा प्रयोग झाला. गंमत म्हणजे आयर्लंडला आपला नाच नव्यानं दाखवणारे हे दोघेही जन्मले अमेरिकेत, एक न्यूयॉर्ककडे आणि एक शिकागोत.

माझ्या शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. स्वतः स्पर्धेत नाचणारी. स्पर्धेला तिथे 'फेश' म्हणतात. मध्यंतरात तिनं माझी शिकवणी घेतली. मऊ बूट वेगळे, कडक बूट वेगळे. कडक बुटाच्या चवड्याला नि टाचेला फायबरग्लासची जाड टोपी असते, आवाज तिचा. पूर्वी तिथे खिळे ठोकायचे. स्पर्धेत कुरळ्या केसांचा टोप घालतात आणि मोजे घसरू नयेत म्हणून पोटरीला चक्क डिंक लावतात. "काढताना दुखत नाही?" तिनं आईकडे बघून मान डोलावली. दुखतं.

"आणि हात का हलवायचे नाहीत?" मी विचारलं.

हा प्रश्न मी आठ दिवसांत ज्याला त्याला विचारला आणि प्रत्येकानं वेगळी गोष्ट सांगितली. मुलीची आई म्हणाली, इंग्रज शिपाई खिडकीतून बघायचे, त्यांना कमरेवरचं शरीर स्थिर दिसावं म्हणून. टॅक्सीवाला म्हणाला, पाद्र्यांना हात हलवणं असभ्य वाटायचं. भाचीच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं, घरं इतकी चिंचोळी की हात पसरले तर भिंतीला लागायचे. मला यातली एकही पटली नाही. चोरून नाचणारा माणूस पायांचा एवढा दणका कशाला करील? खरं कारण मला जुन्या फिरत्या नृत्यमास्तरांच्या शिस्तीत दिसतं. पुढे आयरिश भाषा-संस्कृती जपणाऱ्या गेलिक लीग या संस्थेनं स्पर्धा भरवल्या, १९३० च्या सुमारास नृत्याचा आयोग नेमला, नियम बांधले आणि ताठ हात हाच नमुना ठरला. आमच्या बाई हातावर छडी मारायच्या ते 'कोपर पडलं' म्हणून, इथे हात उचलला म्हणून मारत असतील.

प्रयोग देखणा होता. चोवीस-पंचवीस जणांचे पाय एकदम पडले की अंगावर काटा येतो. पण आवाज स्पीकरमधून येत होता, पायांकडून नाही, आणि ते मला सारखं खटकत राहिलं. बाहेर पडलो तेव्हा साडेदहा वाजत आलेले आणि आकाशात अजून उजेड.

दिवस दुसरा: डब्लिनच

रिमझिम. इथे अशा हवेला 'सॉफ्ट डे' म्हणतात. आपल्या श्रावणातली बुरबुर म्हणा, फक्त गार. छत्री नेऊ नका, वाऱ्यानं उलटी होते. टोपीचं जर्किन बरं.

सकाळी लिफी नदीच्या धक्क्यावर, जुन्या गोदामातलं स्थलांतराचं संग्रहालय बघितलं. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक जहाजात बसून निघून गेली. त्यांच्याबरोबर नाच गेला. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत आयरिश माणसं आणि कृष्णवर्णीय माणसं एकाच तळघरात नाचायची. दुष्काळाच्या आधी, १८४२ साली चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि एका कृष्णवर्णीय पोराचा नाच बघून थक्क झाला. तो पोरगा विल्यम हेन्री लेन, म्हणजे पुढे गाजलेला मास्टर जूबा, असं मानतात. त्याच्या नि जॉन डायमंड या आयरिश वंशाच्या नर्तकाच्या १८४४ साली पैजा लागल्या. आयरिश जिग नाच, इंग्लिश लाकडी बुटांचा नाच आणि आफ्रिकेतून आलेली लय हे सगळं घुसळून टॅप डान्स निघाला. हा धागा पक्का आहे, नावगावासकट.

तसा पक्का धागा कथकशी नाही, हेही सांगते. "सगळे आर्य एकच" छापाच्या गोष्टी मला कुणी ना कुणी ऐकवतंच. दोन्हीकडे पाय जमिनीवर आपटतात, एवढाच पुरावा. आपल्या काळात मात्र भेट झालीय. कथकचे पंडित चित्रेश दास आणि अमेरिकन टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी एका मंचावर सवाल-जवाब केले आहेत. म्हणजे जिगचं नातवंड आणि कथकच्या पायांचा तत्कार समोरासमोर आले, पण वाटेत अमेरिका लागली.

त्या काळच्या अमेरिकी जिग स्पर्धांतला एक तपशील मात्र डोक्यात अडकला. तिथे परीक्षकांपैकी काही जण मंचाच्या खाली बसायचे. पाय दिसायचेच नाहीत, फक्त ठोके ऐकून गुण द्यायचे.

संध्याकाळी स्मिथफील्डचा 'कॉबलस्टोन' पब. २०२१ साली इथे मागच्या बाजूला हॉटेल उठणार होतं, तेव्हा डब्लिनकर वाजंत्र्यांसह रस्त्यावर उतरले आणि पालिकेनं परवानगी नाकारली. कोपऱ्यात सातजण वाजवत बसलेले, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: वाजवणाऱ्यांच्या कोपऱ्यातली रिकामी खुर्ची रिकामी नसते. मी बसले, आणि दोन मिनिटांत एक बासरीवाला येऊन अत्यंत अदबीनं माझ्याकडे बघत उभा राहिला. भाची लाजेनं लाल. "मावशी, ऊठ ना गं!"

दिवस तिसरा: ट्रली

भाचीनं आठवड्याची सुट्टी टाकली होती. तिच्या गाडीनं केरी परगण्यात ट्रलीला पोचायला चार तासांच्या वर लागले. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे तुम्ही स्वतः चालवलीत तरी गोंधळ होणार नाही. खेड्यांतले रस्ते मात्र एका गाडीपुरते आणि समोरून ट्रॅक्टर.

ट्रलीच्या बागेत 'शीमसा टीर' हे राष्ट्रीय लोकरंगमंडळ आहे. १९७४ साली फादर पॅट अहर्न या पाद्र्यांनी ते उभं केलं. पाद्र्यांनी नाच मोडल्याच्या इतक्या गोष्टी ऐकल्यावर पाद्र्यानंच जपलेला नाच बघायला मजा येते. इथे उत्तर केरीची धाटणी बघायला मिळते आणि ती एका माणसाकडून आलेली आहे: जेरेमाया मॉलिनो, लोक त्यांना मनिक्स म्हणत. लिस्टोवेलच्या आसपासच्या गावांतून फिरून, शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांत शिकवणारे शेवटच्या पिढीतले नृत्यमास्तर.

असे मास्तर अठराव्या शतकापासून होते. आर्थर यंग नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ १७७० च्या दशकात आयर्लंड फिरला. त्यानं लिहून ठेवलंय की नृत्यमास्तर एखादा पाइपवाला किंवा आंधळा फिडलवाला (व्हायोलिनवाला) बरोबर घेऊन झोपडी झोपडी हिंडतात आणि तिमाहीला सहा पेन्स घेतात. खायला नाही अशा घरांतसुद्धा पोरांना नाच आला पाहिजे! मास्तरांच्या हद्दी ठरलेल्या असत, दुसरा कुणी आला तर नाचून निकाल लावायचा. आणि ज्या पोरांना डावं-उजवं कळत नसे त्यांच्या एका पायाला पेंढ्याची दोरी, दुसऱ्याला ओल्या काटकीची बांधायची. मग "पेंढ्यावर उठा, काटकीवर बसा."

रात्रीच्या प्रयोगात स्पीकर होते, पण कमी. पाय जमिनीला चिकटून चालायचे. गुडघा वर उडवणं नाही, उंच उड्या नाहीत. परवाच्या थिएटरपेक्षा इथलं मला जवळचं वाटलं. मुक्कामाच्या घरी सकाळी मालकीणबाईंनी सोडा ब्रेड दिला. खायचा सोडा नि ताक, यीस्ट नाही, वर लोण्याचा थर. मी डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांनी लोण्यावर भुरभुरली, खाल्ली, आणि कागद-पेन घेऊन समोर बसल्या. लसणीचं प्रमाण तीनदा विचारलं.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. ब्राउन ब्रेड, भाज्यांचं सूप, बटाटे आणि सफरचंदाचा टार्ट बहुतेक ठिकाणी मिळतो. चहा कडक असतो, दूध आपण घालायचं.

दिवस चौथा: शॅनन ओलांडून

टार्बर्टहून किलिमरला गाडीसकट बोटीनं जायचं. वीस मिनिटं. रस्त्यानं गेलात तर लिमरिकचा मोठा वळसा पडतो. शॅननच्या खाडीत डॉल्फिनांचा कायमचा मुक्काम आहे. आम्हाला एक पाठ दिसली, तीही भाचीच्या मते लाट होती.

उतरून मोहेरकडे वळायच्या ऐवजी मी उलट दिशेला, लाबाशीडाला चला म्हटलं. खाडीकाठचं झोपाळू गाव. डॅन फ्युरी हे जुन्या स्टेपचे नर्तक-शिक्षक इथले. ते आणि त्यांचे सोबती जेम्स कीन या दोघांनी उतारवयात आपल्या स्टेप्स पुढच्यांना शिकवल्या, नाहीतर पश्चिम क्लेअरचं बरंच काही त्यांच्याबरोबर गेलं असतं. गावात बघण्यासारखं असं काही नाही. धक्का, चर्च, वारा. दुकानात चहा मागितला तेव्हा गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, इकडे कशा? नाचासाठी म्हटल्यावर त्या काउंटरच्या मागून बाहेर आल्या आणि आम्हाला शेजारच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे त्यांच्या आजोळच्या घराचं अर्धं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं.

जुन्या आयरिश घराचं दार दोन फाळक्यांचं. खालचं फाळकं लावलं की कोंबड्या आत येत नाहीत आणि उजेड येतो. नाचायची वेळ आली की हेच फाळकं बिजागरीवरून उतरवून मातीच्या जमिनीवर टाकायचं. मातीवर पाय वाजत नाही, फळीवर वाजतो. काही घरांत तर चुलीपुढच्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरायचे, आवाज घुमावा म्हणून. लोकपरंपरा गोळा करणाऱ्यांनी हे रीतसर नोंदवलेलं आहे. बाईंनी दारावर आडवी उमटलेली खोलगट जागा दाखवली. मी हात फिरवला. मधोमध, दोन पावलांएवढी झीज.

दुपारी किल्कीच्या समुद्रावर कागदी पुडीत उकडलेल्या गोगलगायी, म्हणजे खडकावरचे शंख, विकत मिळाले. सोबत टाचणी देतात, तिनं गर ओढून खायचा. मालवणची आठवण झाली. भाचीनं पुडी माझ्या हातात दिली आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

दिवस पाचवा ते सातवा: मिलटाउन मलबे

एक रस्ता, दोन्ही बाजूंना पब, आणि त्या आठवड्यात प्रत्येक दारातून वेगळी सुरावट. इथल्या खोल्या लोक वर्षभर आधी धरतात. आम्ही उशिरा जागे झालो, त्यामुळे ज्या घरी खोली मिळाली तिथून गाव पाच मैल, आणि पोचल्यावर मालक म्हणे तुमचं नाव उद्यापासून आहे. शेवटी त्यांनी बैठकीच्या सोफ्यावर पांघरुणं टाकून दिली. पैसे मात्र खोलीचेच घेतले. तेव्हा जायचं असेल तर जानेवारीतच हालचाल करा आणि तारखा लेखी घ्या.

सकाळी 'सेट'चा वर्ग. सेट म्हणजे चार जोड्यांचा चौकोन, प्रत्येक फिगरची, म्हणजे नाचाच्या एकेका भागाची, ठरलेली वाट. हा मुळात आयरिश नाहीच. पॅरिसचा क्वाड्रिल नेपोलियनच्या लढायांनंतर परतलेल्या शिपायांबरोबर इंग्लंड-आयर्लंडात आला, गावकऱ्यांनी त्यात आपले रील नि जिग भरले, आपले पाय भरले, आणि तो त्यांचा झाला. केरीच्या सेटमध्ये तर पोल्का आहे. आपल्याकडे गोव्याच्या घरांत युरोपी बॉलरूममधून मांडो घडला, तशातलाच हा प्रकार. गेलिक लीगला मात्र तो परका वाटायचा. त्यांनी सेट बाजूला सारून 'केली', म्हणजे मेळाव्यात सगळ्यांनी मिळून नाचायचे नाच, पुढे केले. आता केली म्हणजे शुद्ध देशी म्हणावं, तर पहिली केली भरली १८९७ साली लंडनमध्ये, आणि कल्पना उचलली तिथल्या स्कॉटिश लोकांच्या मेळाव्यावरून! पुढे १९३५ चा कायदा आला. सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला, आणि पोलीस-पाद्र्यांनी तो घरातल्या नाचांवरही चालवला. चव्हाट्यावरचे, स्वयंपाकघरातले नाच त्यात बरेच थंडावले.

हे सगळं मला वर्गातल्या माझ्या जोडीदारानं, सत्तरीच्या एका निवृत्त पोस्टमननं, नाचता नाचता सांगितलं. दम न लागता. शिक्षिका ओरडायच्या "हाऊस!" म्हणजे जोडीनं गिरक्या घेत चौकोनाची फेरी मारायची. क्लेअरची खासियत 'बॅटरिंग', चालता चालता पायानं फळी बडवत जायचं. सात पावलं बाजूला, मग दोनदा तीन-तीन छोटी पावलं. मला जमत होतं! पायांना मोजायची सवय होतीच.

आणि दुसऱ्या दिवशी गुडघा गेला. चूक माझी. रबरी तळव्याचे चालायचे बूट घातले होते. गिरकीत शरीर फिरलं, बूट जमिनीला चिकटून राहिला. इथे येणाऱ्यांनी हे वाक्य पाठ करावं: चामड्याचा तळवा, रबर नाही. पोस्टमननं मला बाकापर्यंत पोचवलं, कुणीतरी फ्रोझन मटारची पिशवी आणून दिली, आणि दीड दिवस मी बाकावर.

बाकावर शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं रुसलेत. नंतर कळलं, ते नाच ऐकायला येतात. "पंच्याऐंशी झाली," म्हणाले, "बघितलं तर मान दुखते." मागे आठ जण बॅटरिंग करत होते आणि हे भिंतीकडे बघून पुटपुटायचे, "तिसरी जोडी, बाई चांगली, बाप्या डाव्या पायाला उशीर करतो." मी वळून बघितलं. खरंच.

मग मीही खुर्ची फिरवली.

पहिला तास नुसता खडखडाट. हळूहळू चवडा नि टाच वेगळे झाले. मग उजवा-डावा. मग लक्षात आलं की माझी बोटं मोजताहेत ते दर वेळी सोळालाच येऊन मिळतंय. रीलचा एक भाग आठ बारचा (बार म्हणजे त्यांच्या संगीतातलं लयीचं माप), बारमध्ये दोन ठोके, म्हणजे सोळा. आमचा तीनताल! स्टेप आधी उजव्या पायानं करायची, मग तीच्या तीच डाव्यानं. जिगचा सहाचा झोका दादऱ्याशेजारचा. स्लिप जिग नऊची, तिथे मात्र मी दर वेळी घसरले. म्हाताऱ्यांना मी सोळा दाखवले, बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवत. त्यांना ते मोजणं फार आवडलं. "आम्ही एवढं कुठलं मोजतोय," म्हणाले, आणि लगेच पेरांवर मोजायला लागले.

वाजवायला कुणी नसलं तर काय करायचे, हे मी विचारलं. त्यावर त्यांनी तोंडानंच रील म्हटला, डिडल-डी-आयडल करत. याला लिल्टिंग म्हणतात. घरात फिडल नसलं, वाजवणारा गाव सोडून गेला, तर एखादी म्हातारी कोपऱ्यात बसून रात्रभर असं म्हणायची आणि पोरं नाचायची. आमची पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं म्हणणं, बोल सांगते, यांची सूर सांगते, पण तोंडावर नाच पेलायची तऱ्हा ऐकून मी बाकावर ताठ बसले. गुडघा विसरून.

रात्री स्पॅनिश पॉइंटला 'केली'चा मेळावा होता. जवळच १५८८ साली स्पॅनिश आरमाराची जहाजं फुटली, त्यावरून हे नाव. शंभर-दीडशे माणसं, खिडक्या घामानं धुकटलेल्या, बाहेर अटलांटिक. वीस वर्षांच्या पोरी ऐंशीच्या आजोबांना धरून गरागरा फिरत होत्या. भाची एकदा ओढली गेली ती दोन तासांनी परत आली. "मावशी, मी यात पडणार नव्हते!" पाण्याची बाटली आणि बदलायला एक सदरा बरोबर ठेवा, तिथले जाणते लोक दोन ठेवतात.

दिवस आठवा: कॉनेमारा

गॉलवे ओलांडून पश्चिमेला गेलं की हिरवळ संपते आणि दगड सुरू होतात. दगडी कुंपणं, दगडी शेतं, मधे काळी पाणथळ. रस्त्यावरच्या पाट्या फक्त आयरिश भाषेत, कारण हा गेलताख्त, आयरिश बोलणारा मुलूख. फोनमधल्या नकाशात इंग्रजी नावं आणि समोर पाटीवर भलतंच, त्यात अर्धा तास गेला. गावांची आयरिश नावं आधी लिहून घ्या.

कॅरारोच्या पबात दुपारी शॅन-नोस बघितला. शॅन-नोस म्हणजे जुनी रीत. बूट साधे, पोशाख साधा, हात सैल, मनात येईल तसे उचललेले. पाय जमिनीपासून दोन बोटंही उठत नाहीत. ठरलेली रचना नाही, समोर जी सुरावट चाललीय तिला पायांनी उत्तर द्यायचं. पेटीवाल्यानं भाता ओढला, बारमागून एक फळी आली, साधारण हातभर रुंद, आणि एक मच्छीमार तीवर चढला. हातातला ग्लास खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. एक थेंब सांडला नाही. हात ताठ ठेवायच्या सगळ्या गोष्टी तिथे निकालात निघाल्या; ज्यांच्यावर स्पर्धेचा नियम पोचला नाही त्यांचे हात मोकळेच राहिले. काहींना यात स्पॅनिश खलाशांचा, फ्लॅमेंकोचा अंश दिसतो. मला दारू आणि गमतीचा दिसला.

मी डोळे मिटून ऐकत होते. शेजारच्या बाई, साठीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणाल्या, तुम्ही झोपलात की ऐकताय? मी त्यांना सोळा मात्रांचं सांगितलं. मग म्हटलं, आमच्याकडे शेवट करायची एक पद्धत आहे, एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा शेवटचा बोल बरोबर पुढच्या पहिल्या मात्रेवर. पाच मात्रांचा तुकडा, मधे एक मात्रा दम. पाच, एक, पाच, एक, पाच, झाले सतरा, म्हणजे सम.

"दाखवा," त्या म्हणाल्या, आणि थांबल्याच नाहीत. डोळे वर करून त्यांनी रील लिल्ट करायला घेतला, चांगला जलद. फळी रिकामी होती, पण माझा गुडघा नव्हता, म्हणून मी टेबलावर हातानं ताल धरला आणि तिहाई म्हटली. एक मात्रा आधी संपले. दुसऱ्यांदा अर्धी मात्रा मागे पडले. तोवर पेटीवाला खुर्ची ओढून जवळ आला होता आणि मच्छीमार फळीवर एक पाय ठेवून वाट बघत होता. तिसऱ्यांदा त्या बाई माझ्या दमाच्या मात्रेवर हसल्या आणि सगळंच सुटलं.

चौथ्यांदा माझा शेवटचा 'थै', त्यांचा 'डी' आणि त्या मच्छीमाराची टाच एकत्र पडले. भाचीनं सगळं फोनवर घेतलंय असं ती म्हणाली. रात्री गॉलवेला जेवताना बघितलं तर साडेतीन मिनिटं पबाचं छत आहे. आवाज मात्र स्वच्छ आलाय.